हाताला बांधलेलं फडकं

बाई, तुझा उजवा हात शेवटपर्यंत धडधाकट होता. हे जगात फक्त मला माहीत आहे, असं मी परवापर्यंत समजत होते.

परवा तुझ्या गावचा तलाव काढला, वर्षाची मासेमारी झाली. तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही, लोकांनी जरा थांबायला हवं होतं, असं मला वाटलं. पण पाणी उतरलं की मासे कोणाच्या सुतकासाठी थांबत नाहीत, हे तूच मला ऐकवलं असतंस. मी भद्रावतीहून निघाले, चंद्रपूरला बस बदलली, मूलला परत बदलली. वैनगंगेच्या पुलावर आल्यावर सवयीनं पिशवीत हात घातला, तुझी सोनपापडी चेपली तर नाही ना, हे बघायला. सोनपापडी घेतलेलीच नव्हती. शेजारच्या बाईनं विचारलं, काही हरवलं का? मी खिडकीबाहेर बघत बसले.

तू गेल्यापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. बारावीच्या पोरांना पेशी शिकवायला उभी राहते आणि खडू हातात तसाच राहतो. घरी येऊन घासलेली भांडी परत घासते. आपलं बहिणींचं भांडण अर्धं राहिलंय, त्याचं हे सगळं आहे. ते पुरं करायला आता तू नाहीस, म्हणून एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते आहे. लिहिता लिहिता उठून गेले तर समजून घे.

आपल्या ढिवरांच्या घरात पोरीला पोहणं मागून शिकवतात, जाळ्याचे नियम आधी. अडचणीतल्या बाईनं जाळ्याला शिवायचं नाही. तलाव काढायच्या दिवशी तिनं बांधावर पाय ठेवायचा नाही. आणि जिची पाळी कायमची गेली, अशा थोरल्या बाईला तुझ्या गावात केवढा मान! पहिल्या जाळ्याला तिनं हळद-कुंकू लावायचं, त्यावरून हात फिरवायचा, मगच ते पाण्यात जायचं. सासूनंतर हा मान तुझ्याकडं आला तेव्हा तू चामोर्शीच्या बाजारातून एसटीडीवरून मला फोन केला होतास. मागं कोंबड्या ओरडत होत्या. "कुंदे, आता मी मोठी झाली," असं इतक्या जोरात म्हणालीस की फोनची गरजच नव्हती.

दोन वर्षं तू तो मान घेतलास. तिसऱ्या वर्षी तलावाच्या दिवशी तुझ्या उजव्या हाताला हळदीनं पिवळं झालेलं फडकं बांधलेलं होतं. हात मुरगळला म्हणालीस. तू नुसती उभी राहिलीस आणि तुझ्या वतीनं दुसऱ्या एका म्हातारीनं जाळ्यावरून हात फिरवला. मान तुझ्याकडंच राहिला, हात तेवढा सुटला. पुढं वर्षभर तो हात काही बरा होईना. कधी आठ दिवस बरा, की परत फडकं. जाळी विणणं बंद, देवाचा दिवा बंद, चूल बंद. हाड बसवणाऱ्या बुवाकडं नेलं, त्यानं तुझं मनगट असं ओढलं की तू खरंच ओरडलीस. भाऊजी रोज संध्याकाळी मोहाचं तेल कोमट करून तो हात चोळत बसायचे. भातही तेच रांधायचे, करपलेला. तू तो मुकाट्यानं खायचीस, हेच खरं म्हणजे आम्हाला खटकायला पाहिजे होतं.

दिवाळीत तू माझ्याकडं आलीस. आल्या आल्या फडकं सोडून खुंटीला अडकवलंस आणि पदर खोचून पोळ्या लाटायला घेतल्यास.

"अवो, हात कवा बरा झाला?" मी विचारलं.

"इथी बराच राह्यते," तू म्हणालीस. "इथी जाळं नाई न."

मी हसले. मला वाटलं, कामाचा कंटाळा करतेस, आणि म्हटलं कर बाई, आयुष्यभर केलंस. मग दुसऱ्या दिवशी न्हाणीघरामागं तू लपवून वाळत घातलेले कपडे मी बघितले. तू अगदी सहज म्हणालीस, "काई नाई, परत सुरू झाली. कोणाले सांगू नको, मान जाईन." कधीपासून, विचारलं तर म्हणालीस, मागच्या तलावाच्या आधीपासून. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईला वर्षभर रक्त जातंय आणि ती हाताला फडकं बांधून हिंडतेय! मी तुझ्यावर एवढी ओरडले की शेजारच्या क्वार्टरमधली बाई दारात आली.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई तपासेपर्यंत तुझ्याशी गप्पा मारत होत्या, तलावात मरळ मिळतो का विचारत होत्या. तपासता तपासता त्यांचं बोलणं थांबलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ होती, आणि आजूबाजूला पसरलेली होती. पुढचं नागपूर, किरणांचा लाइट, सुया, ओकाऱ्या, ते मी लिहीत नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला लिहायचंय ते नागपूरच्या व्हरांड्यातलं. लाइटसाठी नंबर लागायची वाट बघत आपण बाकावर बसायचो, आणि तू मला सोडत नव्हतीस. "एवढी शिकली, मंग सांग. हे आलं कुठून? माह्याच अंगानं केलं का बाहेरून आलं?" मी म्हणाले, दोन्ही. तुला ते आवडलं नाही. तुला एकच उत्तर हवं होतं.

मग मी तुला पेशी शिकवली. वर्गात शिकवते त्याहून नीट शिकवली, कारण तू जांभई देत नव्हतीस. म्हणाले, हा एक विषाणू असतो. त्याच्याकडं स्वतःचं फारसं काही नसतं, मूठभर जनुकं. त्याला आपल्या प्रती काढायच्या तर विभागत असलेली पेशी लागते, आणि आपल्या पेशी तर वयात आल्या की विभागणं थांबवून कामाला लागतात. म्हणून तो पेशीत शिरून दोन प्रथिनं बनवतो. पहिलं प्रथिन पेशीचा ब्रेक निकामी करतं. पेशी नको तेव्हा विभागायला लागते. आता अशी बिघडलेली पेशी थांबवायला, ऐकत नसेल तर तिला मरायला लावायला, आपल्या पेशीत एक राखणदार प्रथिन असतंच. तर विषाणूचं दुसरं प्रथिन या राखणदाराच्या मागं लागतं.

"मारते त्याले?"

"सोता नाई मारत." तुझ्याशी बोलताना माझी जीभ आपोआप घरची होते. "पेशीतला कचरा साफ करनारी मंडळी पेशीचीच असते. हे त्यायले सांगते का हा राखणदार कचरा हाये. तेच त्याले ओढून नेतात."

तू विचार केलास. "म्हणजे तलावावरच्या राखणदाराले चोरानं हात नाई लावला. गावालेच सांगतलं का हाच चोर हाये, आन् गावानंच त्याले हाकललं."

"हो."

"मंग दुसरा ठेवाचा."

"पेशी ठेवते न. रोज नवा ठेवते. त्यालेही रोज ओढून नेतात."

तू हळू आवाजात म्हणालीस, "म्हणजे राखणदार अजून पैदा होऊन राह्यला माह्या अंगात."

"हो, बाई."

"मंग मी मुळातून खराब नाई झाली."

नाही झालीस. हे खरं आहे, बाई, मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. या आजारात राखणदार घडवण्याची रीत बहुतेक वेळा शाबूत असते. ती दोन प्रथिनं बंद पाडली तर प्रयोगशाळेतल्या अशा पेशी परत भानावर येतात, वाढायच्या थांबतात, असं मी वाचलेलं होतं. तेही तुला सांगितलं. तू लगेच म्हणालीस, "मंग पाड न बंद!" तसं औषध अजून नाही म्हटल्यावर माझ्याकडं असं बघितलंस की जणू मीच ते कुठंतरी ठेवून विसरले आहे. ती नजर मला अजून उठवते. एवढं कळलेलं असताना औषध का नाही, हा प्रश्न तुझ्यासारख्या बाईनं विचारला की पुस्तकातली कोणतीच ओळ पुरत नाही.

आणि मग तो तुझा प्रश्न. "त्याले काय भेटते?"

"कोणाले?"

"त्या विषाणूले. मले मारून."

मी सांगितलं, काहीच नाही. कॅन्सर हा त्याचा बेतच नसतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, थोड्याजणींत वर्षानुवर्षं मुक्काम करतो, आणि राखणदार नसलेल्या पेशी चुकांवर चुका करत सुटतात. पुष्कळदा तो स्वतःही तिथंच अडकतो, त्याचीही पुढं पैदास होत नाही.

"म्हणजे फुकटच!" तू म्हणालीस आणि जी हसलीस! शेजारच्या बाकावरचा माणूस दचकून बघायला लागला. "अवो, मासे तरी नेले असते मेल्यानं!" हसून हसून तुला कळ आली, पोट धरून वाकलीस, तरी हसू थांबेना. नागपूरचं दुसरं काही मला नको आहे. ते हसू तेवढं राहू दे.

पण विषाणू म्हटला की तो येतो कसा, हेही आलंच. नवरा-बायकोच्या संबंधातून, असं मी जमिनीकडं बघत सांगितलं. तू माझ्याहून पटकन हिशेब जुळवलास. मागं एकदा तलाव आटला होता तेव्हा भाऊजी गडचांदूरला चुनखडीच्या खाणीवर कामाला होते, खोली करून राहायचे. "मंग तिथून आणला आसन," तू म्हणालीस. मी म्हणाले, सांगता येत नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की कोणाकडून कोणाला, कधी, हे कोणत्याच तपासणीत निघत नाही. पुरुषाला तर बहुधा कळतही नाही. तू म्हणालीस, "तुले भाटव्याचा लई पुळका."

मी चिडून म्हणाले, मग विचार भाऊजींना सरळ. तेव्हा तू म्हणालीस, "ज्या माणसानं सालभर माह्या चांगल्या हाताले तेल चोळलं, त्याले मी काय विचारू?"

दुसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, विचारतेच. तर मी म्हणाले, कशाला आता. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, मनात ठेवून झुरण्यापेक्षा विचार, तर तू माझ्यावरच उखडलीस. आपण दोघी आलटून पालटून त्यांचे वकील झालो. भाऊजी बिचारे त्या वेळी डबा घेऊन जिन्यानं वर येत असायचे. आपण गप्प व्हायचो, ते समजायचे की आपण जेवणाची वाट बघतोय. हे भांडण अर्धं राहिलं ते राहिलंच. मला अजूनही ठरवता येत नाही की तू विचारायला हवं होतंस की नको.

शेवटी शेवटी तू मला शपथ घातलीस. "गावात सांगशीन नको. माह्या गळ्याची आन हाये तुले. पोटाचा रोग झाला म्हणजो. मले रक्त जाये हे समजलं तं म्हणतीन, हिच्यामुळं तलाव बाटला. अशा अवस्थेत मी जाळ्याले कधी शिवली नाई, कुंदे. पण मानतीन का कोनी?" मी म्हणाले, सांगायला पाहिजे, बाई, बाकीच्या बायका तपासून घेतील. तू माझा हात धरून तुझ्या गळ्याला लावलास. किती बारीक झाला होता गळा. मी हो म्हणाले.

तेरवीला मी ती शपथ पाळली. बायका पंगतीत विचारत होत्या, काय झालं होतं बाईले, आणि मी पानाकडं बघून म्हणत होते, पोटात गाठ. एकजण म्हणाली, लई चांगली होती, हात तेवढा बसला नाई बिचारीचा. मी पाणी प्यायले.

तर परवा. बांधावर सगळं गाव होतं. जाळं उलगडून ठेवलेलं, हळद-कुंकवाचं ताट तयार. आता मान तुझ्या धाकट्या जावेचा, पंचफुलाचा. तिचीही पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. तिला हाका मारल्या. ती नवं लुगडं नेसून खाली मान घालून आली, आणि तिच्या उजव्या हाताला हळदीनं पिवळं झालेलं फडकं होतं.

"काऊन वो, काय झालं हाताले?" कोणीतरी विचारलं.

"मुरगळला," पंचफुला म्हणाली.

बाई, मी तिला दंडाला धरून सिंदीच्या झाडामागं नेलं. कधीपासून, म्हटलं. मी फडकं सोडायला लागले तशी ती रडायला लागली. "दिवाळीनंतर सुरू झालं. मले बाईनंच सांगतलं होतं. मागच्या सालच्या तलावाले मी तिचा हात पाह्यला, तं काईच नोता झाला. तवा बाई म्हणे, तुह्यावर वेळ आली तं असंच कर, हाताले फडकं बांध, कोनी विचारत नाई."

म्हणजे तू शिकवून गेलीस. तेव्हा तुला स्वतःलाच काही माहीत नव्हतं, तू आपली धाकटीला अब्रू वाचवायची युक्ती दिलीस, मायेनं दिलीस. मला सगळं कळतं. तरी त्या झाडामागं मला तुझा असा राग आला की तू समोर असतीस तर गदागदा हलवलं असतं. आणि माझं तोंड तू शपथेनं बांधून गेलीस! तुला काय झालं होतं हे पंचफुलाला ठाऊक असतं, तर ती सुरू झालं तेव्हाच माझ्याकडं आली असती.

मी तशीच बांधावर आले आणि सांगितलं. शिकवताना लागतो तो आवाज लागला, म्हणून पार खालपर्यंत ऐकू गेलं असणार. "बाईले पोटाचा रोग नोता. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. तिचा हात कधीच मुरगळला नोता. पाळी गेल्यावर परत रक्त सुरू झालं तं ते पाळी नाई, तो इशारा हाये. कधी साधंही असते, पन पाहून घ्या लागते. विटाळ नाई तो. जाळ्यानं होत नाई, भांड्यानं होत नाई, कोनाच्या पापानं होत नाई. वेळेवर दवाखान्यात गेली असती तं बाई आज इथी उभी राह्यली असती."

मग एक म्हातारी पुटपुटली, "म्हणजे मागच्या साली बाटलंच न."

तुला ज्याची भीती होती तेच, अगदी त्याच शब्दांत. उत्तर भाऊजींनी दिलं. ते गुडघाभर पाण्यात जाळ्याचा दोर धरून उभे होते, तिथूनच म्हणाले, "तिनं जाळ्याले हात नाई लावला. मले माहीत हाये. मी रोज तेल लावत होतो, हात बरा होता. माह्या बोटायले समजे न. मले वाटे, थकली आसन. एवढे साल राबली, घेऊ दे आराम. म्हणून नाई बोललो."

त्यांना माहीत होतं, बाई. रोज. तू त्यांच्यापासून लपवत होतीस आणि ते तुझ्यापासून, आणि मधे तो धडधाकट हात. तुला विचारायचं होतं ते तू विचारलं नाहीस, त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी. मला तिथं बांधावर बसून रडायला आलं, आणि लोकांनी बघितलं तर बघू दे म्हटलं.

जाळ्यावरून हात फिरवायला कोणीच पुढं झालं नाही. हळद-कुंकवाचं ताट तसंच राहिलं. ऊन चढायला लागलं तेव्हा भाऊजींनी दोघांना खूण केली आणि जाळं कोणाचाही हात न फिरता पाण्यात गेलं. मासे आले. रोहू आले, कतला आले, नेहमीसारखेच आले. ती म्हातारी आपला वाटा घेऊन सगळ्यांच्या आधी घरी गेली.

पंचफुलाला मी त्याच दुपारी सोबत घेऊन निघाले. काल चंद्रपूरला त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. तपासताना त्या बोलत होत्या. शेवटपर्यंत बोलत होत्या, बाई, मी दाराबाहेर कान देऊन ऐकत होते. त्याचा अर्थ काही होत नाही, हे मलाही कळतं. रिपोर्ट येईपर्यंत ती माझ्याकडं राहणार आहे. तोवर मी अशीच उठबस करणार.

तुझी शपथ मोडली. गळा तू घेऊन गेलीस आणि आन तेवढी माझ्याकडं राहिली होती, ती मला पेलली नाही. रागावली असशील तर रागाव. तुझ्या रागाची मला सवय आहे, तुझ्या नसण्याची नाही.

आता पंचफुला स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा आली. आधी पाण्याच्या माठाचं विचारलं, मग देवाच्या दिव्याचं. आता लोणच्याच्या बरणीकडं बोट करते आहे. "लावू का हात?"

मी म्हणाले, "लाव."